हुंदऱ्यांचे रिकामे फुगे

हुंदरे वर्तमानपत्र वाचत नसत, बघत असत. शिक्षकांच्या खोलीत पेपर आला की ते आधी फोटो शोधायचे आणि फोटोखालच्या ओळीवर उजव्या हाताचा तळवा ठेवायचे. मग मान तिरपी करून बराच वेळ बघत बसायचे. बघून झालं की म्हणायचे, "ह्या माणसाला कुणीतरी बळंच हसाय लावलंय." त्यानंतर तळवा उचलून खालची ओळ वाचत. ओळीत बहुधा 'आनंदाच्या क्षणी' असं काहीतरी असायचं. "बघ मराठी," ते मला म्हणायचे, "तुझ्या मंडळींनी हितं पण घाण केली."

मराठी म्हणजे मी. निपाणीच्या आमच्या हायस्कुलात एकमेकांना विषयाच्या नावानं हाक मारायची रीत होती. मी मराठी, हुंदरे ड्रॉईंग, शिवाय बाकीचे गणित, भूगोल आणि कन्नड. "ओ कन्नड, हिकडं या जरा, मराठी बोलवतोय," असं कुणी मोठ्यानं म्हटलं की बाहेरून आलेल्या माणसाला वाटायचं, आता इथं जुंपणार. प्रत्यक्षात चहा सांगायचा असे.

हुंदऱ्यांच्या नावावर एक चित्रकथा छापली गेली आहे. बेळगावच्या एका दिवाळी अंकात ती आली होती आणि 'कथा व चित्रे' म्हणून त्यांचंच नाव होतं. चित्रं त्यांची आहेत. वाक्यं सगळी माझी आहेत. त्या वाक्यांपायी 'बायकोची अब्रू छापणारा मास्तर' असं नाव त्यांना पडलं, आणि ते जाऊन आता वर्ष उलटलं तरी निपाणीत ते पुसलेलं नाही. माझं वय झालं आहे. बेळगावजवळ पिरनवाडीला मुलाकडे राहतो, दुपारी घर मोकळं असतं. हे आता लिहून ठेवलं पाहिजे.

नम्रपणा हुंदऱ्यांच्या अंगात नव्हता. माणूस बुटका, मान आखूड, खिशाला कायम शाईचा डाग, आणि आपल्याइतकं कुणाला दिसत नाही याची पक्की खात्री. सहकाऱ्यांची चित्रं काढायचे ती पाठमोरी. मुख्याध्यापकांनी एकदा हौसेनं विचारलं, "आमचा चेहरा कधी काढणार?" तर हे म्हणाले, "त्वांडाला खोटं बोलता येतंय सर. पाठीला येत न्हाय." मुख्याध्यापक त्या दिवसापासून त्यांच्यासमोर भिंतीला टेकून उभे राहायला लागले.

नववीतल्या एका मुलीनं रडणारी बाई काढली होती. गालावर द्राक्षाएवढे थेंब. हुंदऱ्यांनी खोडरबर घेऊन थेंब पुसले. मुलगी हिरमुसली. मग त्यांनी पेन्सिल घेऊन बाईच्या पायाची बोटं तेवढी बदलली. सरळ होती ती आत वळवली, जमीन घट्ट धरल्यासारखी. "आता बघ," म्हणाले. मी दारातून बघत होतो. ती बाई आता खरोखर रडू दाबत होती. मी तसं बोललो, तर माझ्यावरच उखडले. "तू सांगू नगंस रं. तिला बघू दे की."

आमचं कायमचं भांडण एकाच गोष्टीवर. आठवीच्या चाचणीत 'चित्र पाहून गोष्ट लिहा व तिला योग्य शीर्षक द्या' हा प्रश्न मी नेमानं घालायचो आणि चित्र फळ्यावर हुंदऱ्यांनी काढायचं. एकदा त्यांनी उंबरा काढला, बाहेर चपलांची गर्दी आणि आत एक दिवा. मला पाहुणे हवे होते. बहुतेक मुलांनी पाहुणेच लिहिले. एकानं लिहिलं, घरात कुणीतरी वारलं आहे. मी त्याचे गुण कापले.

"कापलास कशाला?" हुंदऱ्यांनी वही ओढून घेतली.

"चित्रात तसं कुठं काय आहे?"

"चित्रात काय हाय ते तुला कुणी सांगितलं?"

"अरे, उत्तर एक पाहिजे. नाहीतर तपासायचं कसं?"

"मग मुलांना बघा कशाला म्हणतोस? वळखा म्हण. लॉटरी हाय म्हण."

सगळी खोली हसली. मीही हसलो, पण गुण वाढवले नाहीत.

त्यांचं घर तंबाखूच्या वखारीला लागून होतं. हंगामात खकाणा, तंबाखूची तिखट धूळ, उडायचा आणि बोलणारा प्रत्येक जण शिंकत बोलायचा. घरात तिघं: हुंदरे, त्यांची अंथरुणाला खिळलेली आई आणि सुमित्रावैनी. मूलबाळ नव्हतं. वैनी खानापूरकडच्या, शेतकरी घरातल्या, उंच आणि सावळ्या. म्हातारीचं सगळं त्याच करायच्या. आई गेली तेव्हा हुंदरे चित्रकलेच्या परीक्षेचे कागद तपासायला धारवाडला गेले होते. निरोप मिळाल्यावर आले. मी दहनाला होतो. त्यापलीकडे मला काही माहीत नव्हतं.

त्यानंतर त्या घरी गेलं की एक गंमत व्हायची. मला गंमतच वाटायची. वैनी स्वयंपाकघरातून म्हणायच्या, "भावजी, ह्यांना सांगा की, गॅस संपत आलाय." हुंदरे तिच्यापासून दोन हातांच्या अंतरावर बसलेले. तेही माझ्याकडेच बघून म्हणायचे, "मराठी, सांग, नंबर लावलाय." मी हसून निरोप पोचवायचो. जुन्या माणसांची रीत असेल, असं धरून चालायचो. वैनी चहा ठेवायच्या तेव्हा माझ्या कपाचा कान माझ्याकडे असायचा आणि हुंदऱ्यांच्या कपाचा भिंतीकडे. हुंदरे दर वेळी कप फिरवून घ्यायचे. हेही मी बघितलं होतं. वर्षानुवर्षं त्या घरात मी चहा प्यालो आणि नवराबायको एकमेकांशी बोलत नाहीत हे मला कळलं नाही.

दोघंही निवृत्त झाल्यावर हुंदऱ्यांना त्यांच्या एका जुन्या विद्यार्थिनीनं बेंगळुरूहून एक जाड पुस्तक पाठवलं. चित्रांतली कादंबरी, इंग्रजी. हुंदऱ्यांचं इंग्रजी बेताचं होतं, त्यामुळे तळवा ठेवायचीही गरज नव्हती. मला बोलावून एक पान दाखवलं. एका चौकटीत बाई खिडकीशी उभी, पुढच्या चौकटीत तीच खिडकी, बाई नाही.

"कुठं गेली सांग."

"गेली असेल बाहेर."

"कुठनं गेली?"

मी दार शोधायला लागलो. त्यांनी दोन चौकटींमधल्या पांढऱ्या पट्टीवर नख ठेवलं. "ह्या बोळातनं. दोन घरांच्या मधी कशी बोळ असती, तशी ही. चौकटीत नुसती घरं हायती. गोष्ट बोळातनं जातीया. आन् बोळात बघणाऱ्यानं एकट्यानं जायचं असतंय. तुझ्यासारखा कुणी कंदील घिऊन पुढं चालाय लागला, तर बोळच राहत न्हाय."

त्या दिवसापासून ते कामाला लागले. काळी शाई, टाक, एक जुना ब्रश. काय काढतात ते सांगत नव्हते. घरात वैनी असल्या की कागदावर वर्तमानपत्र पसरून ठेवत. शेवटी एका सकाळी कागदांची गुंडाळी घेऊन माझ्या घरी आले.

"नुसतं बघ," म्हणाले. "कुणाला कळतंय का, ते मला बघायचं हाय. मग दुसरीकडं दाखवणार हाय."

दुसरीकडं म्हणजे कुणाला, ते मी विचारलं नाही.

चित्रं एका घराची होती. पुरुष कायम पाठमोरा. बाईचे नुसते हात: भाकरी थापणारे, दोरीवरचं धुणं काढणारे, कपाचा कान भिंतीकडे फिरवणारे. तो कप एक अख्खं पान व्यापून होता. आणि दोघांच्याही डोक्याशी बोलण्याचे फुगे होते, शेपटासकट, नीट काढलेले आणि आतून कोरे. पहिल्या पानांवर फुगे मोठे होते. पुढं ते बारीक होत गेले. एक फुगा डब्यांच्या फळीवर डब्यांच्या रांगेत बसला होता. एक कॉटखाली सरकला होता आणि केरसुणी त्याला वळसा घालून जात होती. मधल्या एका पानावर म्हातारीची कॉट रिकामी, वळकटी बांधलेली, आणि कॉटच्या पायाशी तांब्या पालथा.

तीस-बत्तीस वर्षं मी मुलांना गाळलेल्या जागा भरायला लावल्या होत्या. कोरे फुगे बघितल्यावर माझ्या मनात दुसरं काही आलंच नाही. मला वाटलं, ड्रॉईंगनं आपलं काम केलं, आता मराठीनं आपलं करावं म्हणून कागद माझ्याकडे आले आहेत. तोंडानं मागायला त्याला कमीपणा वाटत असणार.

मूळ कागदांना धक्का न लावता मी वेगळ्या वहीत पानवार वाक्यं भरत गेलो. कपाच्या पानावर लिहिलं, 'चहा निवत होता, आणि संसारही.' मला ते फार आवडलं होतं. पण भांडण आहे तर भांडणाला कारण हवं, आणि चित्रांत कारण दिसेना. मग पालथा तांब्या सापडला. मराठीच्या मास्तराला पालथं भांडं दिसलं की आधी म्हण आठवते. पालथा म्हणजे कोरडा. कोरडा म्हणजे पाणी नाही. मी लिहिलं, 'सासूच्या घशात तिनं शेवटचं पाणीही घातलं नाही.' तिथून पुढं कथा भराभर जुळली. शेवटच्या पानावर बाईचे हात उंबऱ्यावर टेकलेले होते. तिथल्या फुग्यात मी लिहिलं, 'चुकलं माझं. हे नियती, मला क्षमा कर.'

अंकाचा संपादक माझ्या ओळखीचा होता. त्यानं चित्रं बघून उडी मारली. "असलं आपल्याकडं कुणी करत नाही मास्तर," म्हणाला. माझं नाव घालू नको असं मीच सांगितलं. तो मोठेपणा आहे असं मला वाटत होतं. हुंदऱ्यांना काही कळवलं नाही, अंक हातात ठेवून चकित करायचं होतं.

अंक आणि मूळ कागद घेऊन गेलो तेव्हा वैनी आत कांदा चिरत होत्या. हुंदऱ्यांनी पान उघडलं आणि सवयीनं तळवा ठेवला. पान उलटायचं, तळवा ठेवायचा. छपाई चांगली होती. त्यांचा चेहरा खुलत गेला. कॉटच्या पानावर ते थांबले आणि तळवा उचलला.

त्यांनी ती ओळ वाचली. मग अंक मिटून मांडीखाली घातला आणि आतल्या दाराकडे बघत राहिले.

"कसं वाटलं?" मी विचारलं.

"जा तू आता," ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता.

मांडीखाली घालून काय होणार? अंक वाचनालयात आला होता, शेजारणीनं तो घरी आणला, आणि तिनंच वैनींना दाखवला. दुसऱ्या दिवशी वैनी पिशवी भरून भावाकडे खानापूरला गेल्या.

गाव आठवडाभर चघळत होतं. चौकातल्या चहाच्या गाड्यावर आम्ही सकाळी बसायचो. "काय सर, घरचं पेपरात आणलासा व्हय?" एकजण म्हणाला. दुसरा म्हणाला, "आईला पाणी मिळालं न्हाय, हे इतक्या वर्सांनी आठीवलं? तवा काय चित्रं काढत बसलता?" लोक हसले. मी हुंदऱ्यांच्या शेजारी बसलो होतो. माझ्या हातात बशी होती. 'ते मी लिहिलंय,' एवढं म्हणायचं होतं. लोक माझ्याकडे वळतील या भीतीनं मी बशीतला चहा फुंकत राहिलो. हुंदऱ्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. चहा संपवला, पेला ठेवला आणि उठून गेले.

संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो. त्यांनी मूळ कागद काढून कॉटचं पान माझ्यापुढं ठेवलं. तांब्याच्या काठाखाली बोट ठेवलं. तिथं जमिनीवर एक बारीक वर्तुळ होतं, पाण्यात भिजवलेल्या ब्रशानं काढलेलं, अगदी फिकं.

"ही वल दिसली न्हाय तुला?"

मी चष्मा पुसून ओल शोधली. दिसत होती.

"धुऊन पालथा घातलाय त्यो. वर्सभर तिनं आईला घोट घोट पाजलं. त्या दिशी शेवटचं पाजून, तांब्या घासून पालथा घातला. काम संपलं तिचं." त्यांनी बोट उचललं. "मी धारवाडास्नं आलो. दारातच इचारलं तिला, पाणी तरी घातलंस काय त्वांडात? तवापास्नं ती माझ्याशी बोलली न्हाय."

वखारीतून खकाणा येत होता. मला शिंक आली ती मी दाबली.

"तिचा चेहरा कुठंच का काढला नाहीस?" मी विचारलं.

"मी बगितलाच न्हाय तवापास्नं. बघवना." मग कागद गोळा करत म्हणाले, "तिला दाखवणार हुतो. ही वल तिला दिसली असती. तू तेवढंच पुसलंस, आन् मी इचारलेलं परत छापलंस."

मी म्हणालो, सगळ्यांना सांगतो, खानापूरला जाऊन वैनींना सांगतो, अंकात खुलासा छापतो.

"नगं," ते म्हणाले. "तू आता काय लिवू नगंस. माझं मी बघतो."

ते 'नगं' मला फार उपयोगी पडलं. त्याच्या आडोशाला मी उरलेला काळ काढला. निपाणी सोडून मुलाकडे आलो, कुणी विषय काढला की म्हणायचो, त्याचीच इच्छा नाही. हुंदरे माझ्याशी त्यानंतर बोलले नाहीत. बाजारात भेटले तर थांबायचे, माझं बोलून होईपर्यंत ऐकायचे आणि निघायचे. ते घरात एकटे होते तेव्हा काय खात होते, कोण विचारत होतं, मला ठाऊक नाही. झोपेतच गेले, असं कळलं. वैनी आल्या, दिवस उरकले आणि परत गेल्या. घर आवरताना हुंदऱ्यांच्या पुतण्याला ती गुंडाळी सापडली. 'तुम्ही त्यांचे मित्र,' म्हणून त्यानं ती माझ्याकडे आणून दिली.

ती घेऊन मी खानापूरला गेलो. वैनींच्या भावाचं घर रेल्वे-फाटकापलीकडे, मागं भाताचं शेत. मी पुढच्या सोप्यात बसलो आणि पाणी प्यायच्या आधीच सांगून टाकलं. वैनी पदरानं कपाळ पुसत ऐकत होत्या.

"मला म्हाईत हुतं," त्या म्हणाल्या.

"कसं?"

"त्यात 'हे नियती' असं लिवलंय. भावजी, त्यांच्या त्वांडात कवा नियती आली? दुधाची पिशवी आणा म्हटलं तर आणतो म्हणायला जड हुतं त्यास्नी."

"मग गेलात का?"

"त्यांनी यावं म्हणून." त्या शेताकडे बघत होत्या. "निपाणीत एका घरात राहून बोलणं हुईना. म्हटलं, लांब गेले तर बसनं तरी येतील. दारात उभं राहून एवढं म्हणतील, ते मी लिवल्यालं न्हाय. तेवढ्यावर गेले असते मी परत."

मी कागद पुढं केले. त्यांनी चष्मा लावला आणि एकेक पान मांडीवर घेऊन बघितलं. केरसुणीच्या पानावर थोड्या हसल्या. कपाच्या पानावर मान हलवली. कॉटचं पान आलं तेव्हा त्यांनी ते उजेडाकडे धरलं आणि तांब्याच्या काठाखालून बोट फिरवलं.

"वलं हाय अजून," म्हणाल्या, आणि ते पान बाजूला ठेवलं.

मग आत जाऊन चहा आणला. कपाचा कान माझ्याकडे होता.

तेव्हा मला वैनी निपाणीहून गेल्यानंतरची एक सकाळ आठवली. वैनींना ती सांगितली, आणि इथंही सांगतो. पेन्शनच्या कामासाठी मी निपाणीला गेलो होतो आणि बसस्टँडच्या कँटीनमध्ये बसलो होतो. खानापूरला जायचं तर आधी बेळगावची बस धरावी लागते; त्या बेळगावच्या फलाटावर हुंदरे माझ्याकडे पाठ करून उभे होते. अंगात इस्त्रीचा पांढरा सदरा, काखेत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले कागद. बस आली. हुंदऱ्यांनी दाराचा दांडा धरला, पायरीवर पाय ठेवला. मागून एक बाई मूल घेऊन आली, तिला वाट द्यायला ते खाली उतरले. बाई चढली. कंडक्टर "हत्तरी, हत्तरी" म्हणत त्यांना चढायला सांगत होता. ते वर बघत राहिले. कंडक्टरनं शिट्टी मारली, बस निघून गेली, आणि जिथं दांडा होता तिथं त्यांचा हात थोडा वेळ तसाच राहिला.

दुसऱ्या बसनं जातील, असं मला वाटलं. मी खुर्चीवरून अर्धवट उठलो होतो, तो परत बसलो. त्यांनी गुंडाळी एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतली आणि स्टँडच्या दारातून गावाकडे चालायला लागले. रस्ता तिथं सरळ आहे. बराच लांबपर्यंत मला त्यांची पाठ दिसत होती.